बारा कोरे टॉवेल

आमच्या चर्चमध्ये अकरा पंखे आहेत आणि त्यांतल्या आठांच्या पात्यांवर नावं रंगवलेली आहेत. कुणाच्या ‘स्मरणार्थ’, कुणाकडून ‘सप्रेम भेट’. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, आणि सोलापुरात फेब्रुवारी सरला की पंखा थांबत नाही, हा भाग वेगळा. लहानपणी उपदेश लांबला की मी लाइट जाण्याची वाट बघायचो. पंखे थांबले की वाचायला काहीतरी मिळायचं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आणि चर्चमध्ये कॅमेरा. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला तेव्हा ईस्टर अठरा दिवसांवर होता. पाळकसाहेबांचा बंगला चर्चच्या आवारातच, म्हणून त्यांनी आपल्या मोबाइलवरून कशीबशी उपासना दाखवली. अर्धा वेळ छताचं दर्शन आणि मधूनच त्यांचा अंगठा. निर्बंध सैल झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मग ट्रायपॉड आला, माइक आला, छोटा मिक्सर आला. पुढची पाच वर्षं साडेआठच्या उपासनेला मी सात वाजता हजर असायचो. मंडळी गायला उभी राहिली की मी फोकस बघायचो, मंडळीने प्रार्थनेसाठी डोळे मिटले की बॅटरी. प्रभुभोजनाची भाकर तोंडात, आणि नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर. तेवीस जण बघताहेत. एकतीस. मधेच अठरा. कोण गेलं उठून?

लोक म्हणायचे, तुमच्यामुळे पुण्यातली पोरं घरबसल्या आपली उपासना बघतात. मी म्हणायचो, सगळा गौरव प्रभूला. आणि त्या गौरवातून टीडीएस कापल्यासारखा थोडा आपल्याकडे ठेवायचो.

चर्चची झाडलोट आक्का करते. आयुष्यभर विड्या वळल्या, आता हात थरथरतो म्हणून ते काम सुटलं, पण झाडू सुटला नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सतरंज्या गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, “का रे, तू शेवटचं डोळं कधी मिटलास?”

“म्हणजे?”

“प्रार्थनेत. मी मागं बसती, मला दिसतंय की.”

“मग तू का उघडे ठेवतेस?”

“तू मिटतोस का बघायला.”

मी हसण्यावारी नेलं. मनात उत्तर तयारच होतं: मी सेवा करतोय. पण घरी येईपर्यंत बायबलमधली, लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली मार्था आठवायला लागली होती. येशू घरी आलेला, बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि ही बिचारी वाढण्याच्या गडबडीत. मार्थेबद्दल मला नेहमीच सहानुभूती वाटत आली आहे, स्वयंपाक कुणीतरी करायलाच हवा. पण गोष्ट नीट वाचली तर येशू तिच्या कामाला नावं ठेवत नाही. ती फार गोष्टींची काळजी नि दगदग करते, एवढंच तो म्हणतो. पाहुणा घरात बसलेला असताना त्याच्याकडे बघायला तिला वेळ नाही. माझं दुकान, माझा टीव्ही, माझं राजकारण देवाच्या आड आलं असतं तर ते मला कळलं असतं. माझ्या आड चर्चच आलं होतं.

पाळकसाहेबांना सांगितलं, या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मी कॅमेऱ्याला हात लावणार नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील, ‘अरे, मग कसं होणार?’ ते म्हणाले, “बरं. कुणाला शिकवतोस?” एवढंच. हे मला लागलं, हे कबूल करतो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मंडळीतल्या एका मुलीला मी दोन रविवार शिकवलं. तिला पहिल्याच रविवारी समजलं होतं. दुसरा मी माझ्यासाठी घेतला.

लेंट सुरू होतो तो राखेचा बुधवार त्या वर्षी, २०२५ मध्ये, ५ मार्चला आला. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात शेहेचाळीस. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. मी तीन नियम केले. पहाटे पाच ते साडेपाच एकट्याने बसायचं. सात वाजेपर्यंत फोन बघायचा नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही. तिसरा नियम पहिल्याच दिवशी दुपारी मोडला.

झालं असं, की २ मार्चपासून रमजान सुरू झाला होता. आमच्याकडे पॅकिंगला एक चाचा आहेत, साठीच्या जवळ आलेले. दुपारी चहावाला आला तेव्हा मी पेला परत केला आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, “आमचेही उपास सुरू झाले आजपासून, चहा बंद.” चाचा टॉवेलच्या घड्या घालत होते. मार्चची दुपार, वर पत्रा, पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. ते “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि पुढची घडी घातली. महिनाभर त्या माणसाच्या तोंडून रोजाचा उल्लेख मी ऐकला नाही. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उपास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. मी ते लहानपणापासून पाठ केलं होतं. पाळताना मात्र चाचांना पाहिलं.

त्याच अध्यायात प्रार्थनेबद्दल आहे: आपल्या खोलीत जा, दार लाव. पण कुठल्या खोलीत? आमच्या दोन खोल्या नि स्वयंपाकघर. एकीत मुलगी दहावीचा अभ्यास करत पहाटे चारपासून बसलेली, दुसरीत बायको झोपलेली. शेवटी मी जिन्याने वर गच्चीत, पाण्याच्या टाकीशेजारी, जुन्या चादरीची घडी करून बसायला लागलो. पहिल्या दिवशी फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला, डोळे मिटले आणि चारच मिनिटांत डोक्यात जीएसटी आला. मार्च एंडिंग. हिशेब बघणाऱ्या माणसाने मार्चमध्ये मन रिकामं करायला बसावं, यासारखा विनोद नाही. स्टॉकचा ताळा, येणी, एका पार्टीने सहा महिने लटकवलेलं बिल, सगळं रांगेने हजर. देवापुढे बसलो होतो की ऑडिटरपुढे, कळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात पाणी आडवं आलं. सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको. आमच्या भागात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, आणि ते कधी सुटेल याचा नेम नाही. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आमची पाळी तीच. मी डोळे मिटून बसलेलो आणि खालून बायकोची हाक, “अहो, पाणी सुटलं!” अख्ख्या वाड्यात मोटारींची घरघर सुरू. मी तसाच बसून राहिलो. देवाला पहिलं स्थान द्यायचं ना? पाच मिनिटांनी तीच वर आली. “खालच्या आजींची मोटार जळलीय. त्यांच्या घागरी कोण भरणार? तुमचा देव?”

खाली गेलो. आजींच्या दोन घागरी, एक पिंप, आमचा हौद. सव्वासहा झाले. शर्ट चिंब भिजला आणि त्या दिवशीची प्रार्थना बुडाली म्हणून मी चिडचिड केली. आजही मला ते नीट उलगडत नाही. ‘तुम्ही पहिल्याने त्याचे राज्य मिळवण्यास झटा’ हे वाक्य आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय. पण त्या ‘पहिल्याने’चा अर्थ मी घड्याळात शोधत होतो, पाच ते साडेपाच. त्या पहाटे त्याचं राज्य गच्चीत होतं की आजींच्या पिंपात, हे सांगायला मी पाळक नव्हे. एवढंच लिहितो की पुढच्या पाण्याच्या दिवशी हाक यायच्या आधी खाली उतरलो.

मी एक वहीही ठेवली होती. सवयीप्रमाणे दोन बाजू आखल्या. जमेला किती मिनिटं बसलो ते. नावे टाकलेलं म्हणजे मन कुठं कुठं गेलं ते: बिल, मुलीचा भूमितीचा पेपर, अमक्याने मला नमस्कार का केला नाही, चॅनलचा आकडा. आठवड्याच्या शेवटी बेरीज. तिसऱ्या आठवड्यात जमेची बाजू बरी दिसायला लागली तशी ती वही मी पाळकसाहेबांना दाखवली. कशाला दाखवली हे उघड आहे. त्यांनी पानं चाळली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “लूक अठरा. आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो. परूशाचे हिशेब पण चोख होते बघ.” मग वही परत देताना, “नावेची बाजू ठेव. जमेचं पान फाडून टाक.” येशूच्या त्या गोष्टीत परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात देवाला आपल्या उपासांची नि दशांशाची यादी ऐकवतो. जकातदार मात्र लांब उभा राहून छाती बडवत एकच वाक्य बोलतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. त्याच्याकडे नावेचीच बाजू होती.

आता ते सांगतो जे सांगायची लाज वाटते. लेंटच्या तिसऱ्या रविवारी लाइव्हचा आवाज फुटला. मी मागच्या बाकावर आक्काशेजारी बसलो होतो, फोन घरी. उपासना संपल्यावर बाहेर लोक म्हणू लागले, मुंबईहून मुलाचा फोन आला, काही ऐकू येत नव्हतं. आणि मला बरं वाटलं. नुसतं बरं नव्हे, गोड वाटलं. ती मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली, काय चुकलं विचारायला. मला कारण माहीत होतं. मिक्सरची एक वायर सैल बसते, ती दाबून टेप लावायची असते, हे मी शिकवताना सांगितलंच नव्हतं. मुद्दाम नाही सांगितलं की राहून गेलं, हे मी त्या रात्री खूप वेळ स्वतःला विचारत होतो. मुद्दामच असावं. एखादा धागा आपल्या हातात राहू द्यावा असं माणसाला वाटतं, कारखान्यातले जुने कारागीरही नव्या पोराला सगळं दाखवत नाहीत. सोमवारी मी तिला फोन करून वायरचं सांगितलं. माझं चुकलं, हे शब्द मात्र पुढच्या रविवारी, समोर उभं राहून, फार कष्टाने निघाले. ती म्हणाली, “ठीक आहे अंकल.” तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला, ते पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, आणि त्या मंडळीत दोन बायकांचं एकमेकींशी पटत नव्हतं, हे चौथ्या अध्यायात येतं. म्हणजे ख्रिस्ताने ‘स्वतःला रिक्त केले’ आणि दासाचं रूप घेतलं, हे दुसऱ्या अध्यायातलं एवढं थोर वचन आमच्यासारख्याच मंडळीला लिहिलेलं आहे, जिथं कोण कुणाशी बोलत नाही याची यादी असते. गच्चीत रोज तोच दुसरा अध्याय वाचताना हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्याआधी मी तो अंत्यविधीत वाचायचा उतारा समजत होतो.

बुधवारच्या अभ्यासवर्गात पाळकसाहेबांनी एकदा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा विषय काढला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं टिळक म्हणायचे. मिशनचा पगार सोडून त्यांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळ्यांना दार उघडं. मागच्या बाकावरून एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, “पगार सोडल्यावर घर कसं चाललं?” सगळे हसले. मला तो प्रश्न अजिबात चुकीचा वाटला नाही.

पाळकसाहेबांनी ठरवलं की उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी, १७ एप्रिलला, संध्याकाळी पाय धुण्याचा विधी करायचा. आमच्या मंडळीत तो पहिल्यांदाच. बारा जण निवडले, बहुतेक म्हातारे. मी लगेच म्हणालो, टॉवेल माझ्याकडून.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कंबरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याच रुमालाने पुसतो. टॉवेलच्या गावात राहून हा उतारा वाचताना हात शिवशिवतोच. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, बारा काय, घेऊन जा, पैसे नकोत. माणूस तेलुगू पद्मशाली, माझ्या धर्माशी काही देणंघेणं नाही, पण देवाच्या कामाला ‘नाही’ म्हणत नाहीत. वर म्हणाले, “नाव विणायचं काय? जेकार्डवर करून देतो. किनारीत बसेल.”

आमच्याकडे हा मोठा धंदा आहे. लग्नात, साठीत, निवडणुकीत वाटायला नाव विणलेले टॉवेल-नॅपकिन सोलापुरातून जातात. मी कागद घेतला. आधी लिहिलं चर्चचं नाव नि तारीख. मग खाली, बारीक अक्षरात, ‘सप्रेम भेट’. आणि त्याच्यापुढे माझं आडनाव. फक्त आडनाव, हे लिहिताना मी स्वतःला नम्र समजत होतो. कागद दोन दिवस खिशात राहिला. तिसऱ्या दिवशी पहाटे गच्चीत बसल्यावर देव, बिल, भूमिती काहीच डोक्यात आलं नाही, त्या किनारीतल्या अक्षरांची रुंदी आली. किती सेंटिमीटर ठेवली म्हणजे डोळ्यांत न भरता वाचता येईल. तेव्हा मात्र मला स्वतःचंच हसू आलं. खाली आलो, कागद बायकोला दाखवला. ती म्हणाली, “म्हणजे म्हातारी माणसं तुमच्या आडनावाला पाय पुसणार?”

कोरे पांढरे बारा टर्किश टॉवेल आणले.

त्या गुरुवारी दिवसभर उन्हाने कहर केला होता. नळाला पाणी नव्हतं, मग टँकरचं पाणी पिंपात साठवून मी आणि आक्काने दुपारपासून घागरी वाहिल्या. सहाला बारा खुर्च्या मांडल्या. अकराच भरल्या. ते निवृत्त शिक्षक रक्तदाब वाढल्यामुळे आले नव्हते. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला खूण केली.

मी मान हलवली. मी पाणी ओततो ना, टॉवेल देतो ना. माझ्या टाचा भेगाळलेल्या, पायात दिवसभराची धूळ, पॅंट घोट्यापर्यंत ओली. शिवाय मी मदतीला होतो, बसायला नव्हे. येशूचा शिष्य पेत्र हेच म्हणाला होता, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. ते मला त्या क्षणी आठवलं असं लिहिलं तर खोटं ठरेल. मला आठवली आमच्या कारखान्यातल्या माळकरी फिटरने सांगितलेली वारीतली गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर, त्याची दरवर्षी वारी. तिथं एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो, तर दुसरा लगेच त्याच्या पाया पडतो, वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. मी त्याला विचारलं होतं, दोघं एकदम वाकले तर डोकी आपटत नाहीत का? तो म्हणाला, “आपटतात की.” इथं मात्र मला परत वाकायची सोय नव्हती. नुसतं बसायचं होतं.

बसलो. आणि पहिला विचार आला तो असा: कॅमेरा कुठल्या बाजूला आहे?

दहा जणांनंतर पाळकसाहेबांची कंबर धरली. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, उरलेले मंडळीतल्या कुणीही धुवा. आक्का उठली. अकराव्या आजीचे पाय तिने धुतले. मग माझ्यापुढे बसली, गुडघे मोडत, एका हाताने खुर्चीचा पाय धरून. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे पाणी निम्मं जमिनीवर. तिने माझी टाच अंगठ्याने घासली, आईने घासावी तशी जोरात, आणि हळूच म्हणाली, “किती घाण रे.” मी डोळे मिटले. लाजेने मिटले की प्रार्थनेसाठी, ते विचारू नका. पुन्हा उघडले तेव्हा ती समोरचं तसराळं उचलत होती.

शुक्रवारी रात्री मी फोनवर त्या उपासनेचं रेकॉर्डिंग लावलं. पाय धुणं सुरू होतं तिथं त्या पोरीने कॅमेरा वळवून समोरच्या भिंतीवरच्या क्रूसावर ठेवला होता. सगळा विधी संपेपर्यंत तोच क्रूस, त्याच्या बाजूला गरगरणाऱ्या पंख्याची सावली, आणि पाण्याचा आवाज. आवाज स्वच्छ होता. वायरला टेप लावलेली असणार.

आता एक रविवार ती कॅमेरा बघते, एक रविवार मी. माझ्या रविवारी आकड्याकडे नजर जातेच. स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर मी कागदाचा तुकडा चिकटवला होता, तो उन्हाळ्यात गळून पडला, पुन्हा लावलेला नाही. पहाटेचं बसणं आठवड्यातून तीन-चार दिवस जमतं, पाण्याच्या दिवशी नाही. टॉवेल चर्चच्या कपाटात आहेत. बारा होते, परवा मोजले तर नऊ. एकाने आक्का बाकं पुसते. दोन कुठं गेले विचारलं, तर म्हणाली, “कुणाच्या बारशाला दिले असतील, मला काय म्हाईत. नाव थोडीच होतं त्यावर.”